वाजवायला जागा

धुळे-सोलापूर महामार्गावर शहागडचा पूल ओलांडला की जालना जिल्हा संपतो आणि बीड सुरू होतं. अलीकडे अंबड तालुका, पलीकडे गेवराई, मधे गोदावरी. लग्नसराईत संध्याकाळच्या वेळी या पट्ट्यातून जाणाऱ्याला वाजंत्री कुठे कुठे भेटते याची नुसती यादी केली तरी बरीच लांबेल. पेट्रोल पंपाच्या कडेला, बंद पडलेल्या ढाब्याच्या अंगणात, दुभाजकाला खेटून, उसाच्या ट्रॅक्टरांच्या रांगेमागे, पत्र्याच्या मंगल कार्यालयाच्या दारात. कंटेनर हॉर्न मारत येतो, वरात अंग चोरून त्याला वाट देते, ट्रम्पेटवाला गाणं न सोडता एक पाऊल मागे सरकतो आणि कंटेनर गेला की पुन्हा पुढे येतो. यात कुणाला काही वावगं दिसत नाही. नवल तर मुळीच वाटत नाही.

म्हणून ढोल-बिगुल पथकांनी जिथे जिथे वाजवलं त्या नवलाच्या जागा, हा या संग्रहाचा विषय समोर आला तेव्हा आधी हसू आलं. विषय मूळचा अमेरिकेतला. पहिल्या महायुद्धानंतर तिथल्या माजी सैनिकांच्या संघटनांनी गावोगावच्या पोरांना ढोल-बिगूल दिले, कवायत शिकवली, स्पर्धा लावल्या. १९७२ साली 'ड्रम कोअर इंटरनॅशनल'ची पहिली अजिंक्यपद स्पर्धा झाली आणि या खेळाला, कला म्हणा हवं तर, पक्की घडी बसली. या पथकांची हक्काची जागा म्हणजे अमेरिकन फुटबॉलचं मैदान. त्यावरच्या पांढऱ्या रेघांच्या हिशेबाने पावलं टाकून आकृत्या बसवायच्या आणि प्रेक्षकांनी उंचावर बसून त्या पाहायच्या. घर इतकं ठरलेलं असल्यामुळे घराबाहेरचं प्रत्येक वादन त्यांच्या लेखी किस्सा होतो. १९८०च्या लेक प्लॅसिड हिवाळी ऑलिंपिकमध्ये 'ट्वेंटी-सेव्हन्थ लान्सर्स' हे पथक वाजलं, तो असाच एक किस्सा.

आता हाच प्रश्न मराठी मुलखात विचारून पाहा. ढोल, ताशा, हलगी, संबळ, तुतारी, शिंग, नगारा यांचं ठरलेलं घर कोणतं? देवळाचा नगारखाना म्हणावा तर हलगीला तिथे कधी चढू दिलं नाही. रस्ता म्हणावा तर तो दरवर्षी पोलीस ठाण्यात अर्ज करून मागून घ्यावा लागतो. यांच्यासाठी आपण मैदान आखलं नाही, नाट्यगृह बांधलं नाही. उलट ढोल-ताशा वातानुकूलित सभागृहात, खुर्च्यांवर बसलेल्या लोकांसमोर वाजला तर तीच खरी नवलाची जागा म्हणायला हवी. तेव्हा आपल्या बाजूने या विषयाकडे पाहायचं तर देखाव्यावर भुलून चालत नाही. डोंगरमाथा, विमानतळ, समुद्रातली बोट अशा जागा छायाचित्रात बऱ्या दिसतात. पण दोन गोष्टी विचारल्याशिवाय जागेचं नवल कळत नाही. तिथे आवाज कसा वागला? आणि तिथे वाजवायला कुणाची हरकत होती? पहिला प्रश्न वाद्याचा, दुसरा गावाचा. मला दुसऱ्यात जास्त रस आहे हे आधीच सांगून ठेवतो. पण पहिला टाळून दुसऱ्याकडे जाता येत नाही.

आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. ऐकायला हा वेग पुष्कळ वाटतो. मात्र शंभर मीटर लांब पथकात पुढच्या टोकाचा ठोका मागच्या टोकाला पोचायला पाव सेकंदाहून जास्त वेळ लागतो आणि जलद लयीत तेवढ्यात पुढचा ठोका पडून गेलेला असतो. मागच्याने कानावर विश्वास ठेवला की तो चुकलाच. म्हणून ढोल-ताशा पथकात ताशे मधोमध घेतात, ढोलांच्या रांगा दोन्ही बाजूंना लावतात आणि सगळे जण पुढच्याच्या हाताच्या खुणेकडे डोळे लावून असतात. ताशाचा आवाज बारीक आणि धारदार, तो गोंगाट कापत जातो. ढोलाचा आवाज जड, तो भिंतीला वळसा घालून पलीकडच्या गल्लीत शिरतो. अरुंद रस्त्यात दोन्ही बाजूंच्या इमारतींवरून ठोका परत येतो आणि पन्नास ढोल शंभराचे वाटतात. तेच पथक उघड्या माळावर नेलं तर निम्मं बळ हवेत विरून जातं. पत्र्याच्या छपराखाली सगळ्याचा नुसता कालवा होतो, हात ओळखू येत नाही. पथकातले लोक वादनाच्या बांधणीला 'हात' म्हणतात. पहिला हात, दुसरा हात. मुरलेलं पथक जागा पाहून हात निवडतं. चालत वाजवायचं असेल तर वेगळा, आणि चौकात उभं राहून 'स्थिर वादन' करायचं असेल तर वेगळा.

बिगुलाचं गणित याहून सोपं आणि म्हणून याहून कठीण. त्याला खटके नाहीत, भोकं नाहीत. ओठांच्या ताणावर जे मोजके स्वर निघतील तेवढ्यांवर सगळा कारभार. पण हे मोजके स्वर दूरवर, वाऱ्यापावसातही एकमेकांत मिसळत नाहीत. माणसाची हाक जिथे पोचत नाही तिथे पोचण्यासाठीच हे वाद्य घडलं.

हलगीचं आणखी निराळं. तिला जागेइतकीच हवाही सोसावी लागते. नदीकाठची संध्याकाळ दमट असते, कातडं सैल पडतं आणि बोल बसका होतो. मग वाजवणारा रस्त्याच्या कडेला उकिडवा बसतो. आसपास उसाच्या गाड्या उभ्या असतील तर पाचटाची वाण नाही. मूठभर पाचट पेटवायचं आणि हलगीचं तोंड त्यावर धरून फिरवत राहायचं. मधूनच बोटाने टिचकी मारून पाहायची. बोल अजून बसका असेल तर पुन्हा आचेवर. कातडं चढलं की टिचकीला खणखणीत उत्तर येतं, आणि त्या क्षणी हात मागे घ्यावा लागतो. लोभाने आणखी दोन क्षण धरली तर कातडं तडकतं आणि रात्रीची सुपारी बुडते. मग एका हातात जाडसर टिपरू, दुसऱ्या हातात बारीक काडी, आणि चला. हल्ली फायबरचं पान लावतात. त्याला ना पाऊस बाधतो ना दव. जुने वाजवणारे ते वापरतात आणि नावंही ठेवतात.

आवाज आणि जागा यांचा विचार करून बांधलेली वास्तू आपल्याकडे आहे, ती म्हणजे नगारखाना. दरवाजाच्या डोक्यावर बसून वेळ सांगायची, मोठ्या माणसाचं येणं-जाणं सांगायचं आणि ते गावभर पोचवायचं. पुण्याच्या शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजावर तो अजून आहे, जेजुरीच्या गडावर आहे, छत्रपती संभाजीनगरात तर एका दरवाजाचं नावच नौबत दरवाजा आहे. रायगडावरचा नगारखाना सदरेच्या नेमका समोर. सिंहासनाच्या जागी कुणी हलक्या आवाजात बोललं तरी नगारखान्यापाशी ऐकू येतं, याची परीक्षा गडावर जाणारा प्रत्येक जण घेतो. ६ जून १६७४ला राज्याभिषेकासाठी हजर असलेल्या इंग्रज वकील हेन्री ऑक्झिंडेनला दाराशी उभे असलेले हत्ती पाहून, हे एवढ्या उंच कड्यावर आणले कसे, असा प्रश्न पडला होता. आज शिवराज्याभिषेक दिनाला खांद्यावरून ढोल आणि हलग्या गडावर चढवणाऱ्या पोरांकडे पाहून मला तोच प्रश्न पडतो. रोपवे आहे, पण त्या गर्दीत त्याच्या भरवशावर कोण थांबणार? शिवाय जूनच्या पहिल्या आठवड्यात कड्यावरून ढग आत घुसतात आणि कातडी वाद्यांचे हाल होतात. तरी ती वाजतात.

शहागडकरांना इतक्या दूर जायचं कारण नाही. गोदावरीच्या पलीकडच्या काठावर, गेवराई तालुक्यात राक्षसभुवन आहे. १० ऑगस्ट १७६३ला तिथे माधवराव पेशवे आणि निजामअली यांच्या फौजांची गाठ पडली. ऐन पावसाळा, नदी भरलेली. निजाम काही फौजेसह नदी उतरून उत्तर तीरावर आलेला, त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर बाकीच्या फौजेसह दक्षिण तीरावर अडकलेला. मराठ्यांनी दक्षिणेकडची फौज कापून काढली, विठ्ठल सुंदर पडला आणि निजामाला पुरापलीकडे काही करता आलं नाही. त्या काळी फौजेचं कूच, मुक्काम, हल्ला हे सगळं नगाऱ्यावर चाले. नगारा घोड्यावर, उंटावर, हत्तीवर बांधलेला असे. पुराच्या पाण्यावरून आवाज छान वाहतो हे नदीकाठच्या कुणालाही ठाऊक असतं. निजामाला त्या दिवशी पलीकडे काय चाललंय हे दिसण्याआधी ऐकू आलं असणार, असं मी आपला अंदाज करतो. त्यासाठी कागद दाखवता येणार नाही.

बिगूल आपल्याकडे गोऱ्या फौजेबरोबर आला, पण मराठी माणसाने तो लवकर आपलासा केला. मराठा लाइट इन्फंट्रीच्या टोपीवरच्या चिन्हात बिगूल आहे, त्याची गोष्ट पहिल्या अफगाण युद्धातली. बलुचिस्तानच्या डोंगरात काहान नावाची गढी आहे. १८४०मध्ये तिथे कंपनी सरकारच्या मुंबई फौजेतल्या पाचव्या पलटणीचे शिपाई कित्येक महिने वेढ्यात अडकले आणि तरी शरण गेले नाहीत. १८४१मध्ये त्या पलटणीला 'लाइट इन्फंट्री' हा किताब मिळाला. लाइट इन्फंट्री म्हणजे पांगून, झपाट्याने लढणारे शिपाई. डोंगरउतारावर विखुरलेल्या माणसांना जड ढोलाचा काय उपयोग? तिथे बिगूलच लागतो. आज बेळगावला या रेजिमेंटच्या केंद्रात कुणी संचलन पाहिलं तर त्यांची जलद चाल डोळ्यांत भरते. तिचं मूळ या कामात आहे.

याच्या काही वर्षं आधी तिकडे तंजावरात दुसरंच काही घडत होतं. भोसल्यांच्या गादीवरच्या दुसऱ्या सरफोजीराजांनी (कारकीर्द १७९८ ते १८३२) राजवाड्यात युरोपीय वाद्यांचा बँड उभा केला. सरस्वती महालात पाश्चात्त्य संगीताच्या लिखित प्रती आजही आहेत. गोऱ्या फौजेचा बँड एका मराठी राजाच्या वाड्यात, तमिळ वादकांच्या हाती. नवलाची जागा म्हणावी तर ही. आणि ती नुसती हौस म्हणून राहिली नाही. पुढच्या काळात क्लॅरिनेट दक्षिणेत नाचाच्या साथीला जाऊन बसला. कर्नाटक संगीतातले रचनाकार मुत्तुस्वामी दीक्षितर यांनी तर इंग्रजी बँडच्या चालींवर संस्कृत रचना बांधल्या. बँड वाड्यात राहिला, चाली बाहेर पडल्या.

इथून पुढे प्रश्न आवाजाचा राहत नाही, हरकतीचा होतो. १९ सप्टेंबर १८८२ला साल्व्हेशन आर्मीची चार माणसं मुंबई बंदरावर उतरली. त्यांचा म्होरक्या फ्रेडरिक टकर हा आधी ब्रिटिश सरकारचाच अधिकारी होता. ढोल आणि कॉर्नेट घेऊन रस्त्याने वाजत-गात जायचं ही यांची धर्मप्रचाराची रीत, इंग्लंडमध्ये रुळलेली. मुंबईच्या पोलिसांनी ती रोखली, धरपकड केली आणि टकरला पुढे तुरुंगही पाहावा लागला. सरकारला भीती दंग्याची. गोऱ्या राज्यात गोऱ्या माणसाला ढोल वाजवल्याबद्दल कैद झाली, ही गोष्ट ऐकून जरा गंमत वाटते. पण वाद्यांच्या मिरवणुकीचा प्रश्न पुढे दहा-बारा वर्षांतच किती चिघळला हे १८९३चे मुंबईचे दंगे आणि १८९४मधली पुण्यातली तेढ यांवरून कळतं. मशिदीवरून वाजत जायचं की नाही, यावरून तेव्हापासून किती पंचायती, किती खटले झाले त्याला गणती नाही. विसाव्या शतकात तर ज्याला रस्त्यावर आपली हजेरी दाखवायची त्याने आधी ढोल-बिगूल मिळवला. नागपुरात राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचा घोष उभा राहिला. त्यात बिगुलाला शंख, साइड ड्रमला आनक आणि मोठ्या ढोलाला पणव म्हणतात. नाशिकला १९३७मध्ये भोसला मिलिटरी स्कूल निघालं. आंबेडकरी चळवळीत समता सैनिक दलाची संचलनं सुरू झाली. विचार एकमेकांच्या उलट, आणि पावलं मात्र सगळ्यांची एकाच तालात पडणारी.

आता हलगीकडे येतो, कारण मराठवाड्यात या विषयाचं सगळं मर्म तिच्यापाशी आहे.

दवंडी द्यायची, देवीची पालखी निघाली की पुढे वाजवायचं, कुस्तीचा फड रंगवायचा, मयतापुढे चालायचं, ही सगळी कामं गावगाड्याने महार-मांगांवर लादलेली होती. मोबदला म्हणजे बलुतं, आणि नकार देण्याची सोय नाही. वाद्य ज्याच्या गळ्यात, त्याने ते कुठे वाजवायचं हे दुसरेच ठरवणार. पाटलाच्या दारात वाजवायचं, पण ओट्यावर चढायचं नाही. देवळापुढे वाजवायचं, पण पायरीच्या खाली उभं राहून. बाबासाहेबांनी गावकीची ही कामं सोडायला सांगितलं आणि १९५६च्या धर्मांतरानंतर अनेक घरांनी हलगी खुंटीला टांगली ती कायमची. हे सोडणं म्हणजे कलेचा ऱ्हास, असं म्हणणारे लोक मला भेटतात. त्यांना मी एवढंच विचारतो, की ज्या कलेला नाही म्हणायची मुभा नव्हती तिला आपण कला कुठल्या तोंडाने म्हणायचं? मातंग समाजातल्या पुष्कळ घरांनी मात्र हलगी-सनईची जागा हळूहळू बँडला दिली आणि वाजवण्याचा धंदा केला. सुपारी ठरवायची, गणवेश शिवायचा, गाडीवर नाव रंगवायचं. बलुत्याची जागा दराने घेतली. मराठवाड्याच्या गावोगावच्या बँड पथकांमागे ही गोष्ट आहे आणि बँडच्या लाल कोटाला हसणाऱ्यांनी ती लक्षात ठेवावी.

जागेची हरकत मात्र संपली नाही. दलित नवरदेवाची वरात मारुतीच्या देवळावरून वाजत जाऊ द्यायची की नाही यावरून भांडणं, बहिष्कार, पोलीस बंदोबस्त असं सगळं मराठवाड्याने पाहिलं आहे. तोच बँड, तीच गाणी, त्याच गावातला रस्ता. दुसऱ्याच्या लग्नात वाजवलं तर कुणाची ना नसते. स्वतःच्या पोराच्या वरातीत वाजवलं की वाद. या संग्रहात नवलाच्या जागा म्हणून डोंगरदऱ्या कितीही येऊ देत, माझ्या मते सर्वांत अवघड जागा म्हणजे गावातले हे पन्नास पावलांचे रस्ते. १४ जानेवारी १९९४ला मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव मिळालं. त्यानंतर दर १४ जानेवारीला विद्यापीठाच्या दरवाजाशी जो जनसागर लोटतो त्यात वाद्यं असतात. ती तिथे नुसती उत्सवाची म्हणून ऐकू येत नाहीत. नामांतरासाठीच्या इतक्या वर्षांच्या झगड्यानंतर मिळालेला रस्ता त्यांत वाजतो.

मोहरमच्या ताशाची आठवणही इथेच काढायला हवी. गणपतीपुढे आज घुमणारा ताशा मोहरमच्या मिरवणुकीत पिढ्यान्‌पिढ्या वाजत आला आहे. मराठवाड्यात सवाऱ्यांपुढे वाजवायला आणि नवस फेडायला दोन्ही धर्मांची माणसं असत, पुष्कळ गावांत अजून असतात. ताशाला जागेचं सोवळं कधी जमलंच नाही.

हलगीचं अलीकडचं आवडतं ठिकाण तहसील कचेरी. पीकविमा मिळाला नाही, अनुदान अडलं, रस्ता रखडला, की 'हलगीनाद आंदोलन' ठरलेलं. धनगर समाजाने आरक्षणासाठी ढोल घेऊन कचेऱ्या गाठल्या. दवंडीचं वाद्य सरकारचा निरोप लोकांना सांगत असे. आता लोकांचा निरोप त्यावर सरकारला जातो. सरकारनेही उट्टं काढलं आहे. मिळकत कर थकवणाऱ्यांच्या दारात बँड किंवा ढोल वाजवायची मोहीम पुण्या-ठाण्यासारख्या महापालिकांनी राबवली. शेजारी गॅलरीत येतात, थकबाकीदार खिडकी लावून घेतो, वाजवणारे आपले गाण्यामागून गाणं वाजवतात. लग्नाची सुपारी आणि वसुलीची सुपारी यांत त्यांना फरक एवढाच, की वसुलीला कुणी नाचत नाही आणि वरून पैसे ओवाळत नाही. निवडणुकीचा अर्ज भरायला निघालेला उमेदवारही वाजतगाजत निघतो आणि कचेरीच्या शंभर मीटर अलीकडे सगळा लवाजमा थांबवावा लागतो. हेच शंभर मीटर ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांतही आहेत. दवाखाना, शाळा, न्यायालय यांच्याभोवती किमान एवढं शांतता क्षेत्र जाहीर करता येतं. आपल्याकडच्या वाद्यांचा नकाशा काढायचा तर तो या शंभर मीटरच्या वर्तुळांनी भरून जाईल, आणि वाद्यं उरलेल्या फटींतून वाट काढताना दिसतील.

पुण्याबद्दल लिहिलं नाही तर पुणेकर रागावतील. गणेशोत्सवातलं शिस्तीचं ढोल-ताशा पथक ही पुण्यातल्या शाळांची देणगी. ज्ञानप्रबोधिनीने सुरुवात केली, रमणबागेसारख्या शाळा पुढे आल्या, मग माजी विद्यार्थ्यांनी आपली पथकं काढली, मुली ढोल बांधून लक्ष्मी रस्त्यावर उतरल्या. पण पुण्यातली खरी नवलाची जागा लक्ष्मी रस्ता नव्हे. ती आहे मुठेचं पात्र. पावसाळ्याच्या तोंडाशी पुलांच्या आसपास, नदीकाठच्या मोकळ्या जागांवर पथकांचा सराव सुरू होतो. कुणी ढोल ओढत असतं, म्हणजे दोऱ्या ताणून पान चढवत असतं; कुणी नव्या पोरांना पहिला हात शिकवत असतं; शेजारच्या सोसायटीतलं कुणी पोलिसांना फोन लावत असतं. धरणातून पाणी सोडल्याचा इशारा आला की सगळा पसारा उचलून वर पळायचं. ३० ऑगस्ट २०२४ला राष्ट्रीय हरित लवादाने एका पथकात तीसपेक्षा जास्त वादक नकोत असा आदेश दिला आणि १२ सप्टेंबरला, गणपती बसलेले असतानाच, सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. माझं मत विचाराल तर पथकांचा आकडा बेसुमार वाढला आहे. तीस हे फार कमी, पण दोनशे ढोलांत ताशा हरवतो, आणि ताशा हरवला की उरते ती नुसती धडधड. पथकातले जाणते हे खाजगीत मान्य करतात.

मराठी मुलखाबाहेरच्या जागांची यादी मोठी आहे, तिला फार वेळ देत नाही. केरळात आणि मंगळुराकडे मिरवणुकीतल्या ढोलाला लोक सर्रास 'नाशिक ढोल' किंवा 'नाशिक बँड' म्हणतात. नाशिक कुठे आलं हे विचारायच्या भानगडीत फारसं कुणी पडत नाही. मॉरिशसमध्ये कोकणातून गेलेल्या मराठी कुटुंबांच्या पुढच्या पिढ्या गणपती विसर्जनाला समुद्राकडे वाजत जातात आणि जाखडी नाचाला तिथे झाकरी म्हणतात. लंडनमधलं महाराष्ट्र मंडळ १९३२चं. आज युरोप-अमेरिकेतल्या मराठी मंडळांची स्वतःची ढोल-ताशा पथकं आहेत. त्यांची खरी अडचण थंडी किंवा परवानगी ही नसून सरावाची जागा ही आहे. तळघरात वाजवावं तर कान बधिर होतात, बागेत वाजवावं तर पोलीस येतात. पुण्याच्या नदीपात्रातल्या पोराला हे दुःख समजावून सांगावं लागणार नाही. मुंबई पोलिसांच्या बँडने तर करोनानंतरच्या दिवसांत 'खाकी स्टुडिओ' या नावाने सिनेमाची गाणी वाजवून मोबाइलच्या पडद्यावरच जागा मिळवली. तिथे कुणाची परवानगी लागत नाही आणि शंभर मीटरचा नियमही नाही.

एका जागेबद्दल मात्र सावकाश लिहायला हवं. सीमेवर जवान शहीद झाला की त्याचं पार्थिव गावी येतं आणि शासकीय इतमामात अंत्यसंस्कार होतात. गावात एवढी गर्दी मावेल अशी जागा नसते. मग जिल्हा परिषद शाळेचं मैदान, नाहीतर घरच्यांचंच एखादं शेत मोकळं करतात. ढेकळांवरून रोलर फिरवून चौथरा बांधतात. दुपार होते, पुढाऱ्यांची भाषणं लांबतात, पोरं झाडांवर चढून बसलेली असतात. शेवटी लष्कराची तुकडी बंदुका उलट्या धरते आणि बिगूलवाला पुढे येतो. त्याच्याजवळ मोजके पाच-सहा स्वर. कापसाच्या किंवा उसाच्या रानात ना भिंत असते ना छप्पर, त्यामुळे आवाज कुठूनही परत येत नाही. त्याला स्वतःचा स्वर नीटसा ऐकूही येत नसेल. बिगूल उघड्यावर वाजवणं सर्वांत अवघड ते इथे, कारण एक स्वर जरी घसरला तरी झाकायला दुसरं वाद्य नाही. मैलभर पसरलेले हजारो लोक त्या वेळी बोलायचे थांबलेले असतात. गावातल्या बँडवाल्यांना बिगुलातले बारकावे कळतात. ते अशा वेळी बिगूलवाल्याच्या ओठांकडे पाहत असतात.

राहता राहिलं ते आपलं खरंखुरं ड्रम-बिगूल पथक, जे या सगळ्या वैभवात कुणाच्या खिजगणतीत नसतं. ते शाळेत असतं. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि मराठवाड्यात त्याहून जिव्हाळ्याचा १७ सप्टेंबर. १९४८ साली याच तारखेला हैदराबाद संस्थान निजामाच्या ताब्यातून सुटलं आणि शहागडसारखी गावं स्वतंत्र भारतात आली. त्या दिवशी प्रभातफेरी निघते. पुढे झेंडा, मागे दोन साइड ड्रम, एक मोठा ढोल, झांज आणि एखादा बिगूल. वाद्यं मुख्याध्यापकांच्या कपाटातून आठवडाभर आधी निघतात. ड्रमचं पान फाटलेलं असतं, नवं आणायला जालन्याला किंवा संभाजीनगरला माणूस धाडावा लागतो. बिगुलाची गोष्ट निराळी. ढोल आठ दिवसांत कुणालाही धरता येतो, बिगुलाला ओठ तयार व्हायला महिने लागतात, आणि ज्या पोराचे ओठ तयार झाले ते दहावी होऊन अंबडला नाहीतर गेवराईला कॉलेजात गेलेलं असतं. मग गुरुजी नव्या चार पोरांना रांगेत उभं करून पाळीपाळीने फुंकायला सांगतात. तिघांच्या फुंकरीला नुसती हवा येते. चौथ्याचा एक भसाडा, बेसूर, पण पक्का स्वर निघतो आणि त्या वर्षीचा बिगूलवाला ठरतो. फेरी वेशीवरून निघते, दर्ग्यावरून जाते, देवळावरून जाते, बौद्धवाड्यातून जाते, महामार्गापर्यंत येते आणि वळते. या फेरीला कुठल्याच आळीत कुणी अडवत नाही. शाळेच्या पथकांचं वादन सदोष असतं हे मला मान्य आहे. तरीही पुढच्या आवृत्तीत त्यांच्या फेऱ्यांचे रस्ते, गावागणिक, नकाशासह छापावेत अशी माझी संपादकांना विनंती आहे.